साठीनंतर गच्चीवरची बाग: काय छाटायचं, काय ठेवायचं आणि गुडघ्यांचं काय करायचं

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये मी गच्चीवर पडले. शेवाळावरनं पाय सरकला, हातातली झारी सोडायचं सुचलं नाही त्यामुळे हात टेकता आला नाही आणि आपटले ती सरळ कमरेवर. मोबाइल खाली चार्जिंगला. अहो आतल्या खोलीत बातम्या लावून बसलेले, वर पाऊस, माझी हाक त्यांना कुठनं ऐकू येणार. वीसेक मिनिटं तशीच पडून होते आणि खरं सांगते त्या वेळात मला देवबीव काही आठवला नाही, मला समोरच्या जास्वंदीच्या पानाखाली पिठ्या ढेकूण दिसला. उभ्यानं बघताना कधी दिसलाच नव्हता, खालनं बघितलं तर पानाच्या शिरेला लागून पांढऱ्या कापसाची अख्खी ओळ. म्हणजे मी रोज पाणी घालत होते आणि ही कीड झाडाचा रस शोषत होती आणि बाई वरनं फुलं मोजतायत.

हाड मोडलं नाही, नशीब. पण दीड महिना अंथरुणात गेला. लेक पुण्याहून आली आणि आल्या आल्या जाहीर केलं की आई, आता बाग बंद, दोन मनी प्लँट ठेव हॉलमध्ये. अहोंनीही मान डोलावली. साठी बुद्धी नाठी वगैरे टोमणेही झाले (मी तेव्हा ६४ ची होते, नाठी व्हायला मला चार वर्षं उशीरच झालेला). त्या वेळी गच्चीवर ८७ कुंड्या होत्या. हो, मोजलेल्या.

माझा धाकटा भाऊ नाशिकजवळ दिंडोरीकडे द्राक्षाची बाग करतो, तो बघायला आला, त्याला हे सगळं रडून सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, बाग बंद करणं आणि बाग छाटणं यात फरक असतो ना. आपण दरवर्षी एप्रिलात वेल पार बोडका करतो, म्हणून काय बाग मोडली म्हणतो का आपण?"

त्या एका वाक्यावर हा सगळा लेख उभा आहे. तुम्ही साठीच्या पुढचे असाल, बागेचं वेड असेल आणि घरचे "आता पुरे" म्हणत असतील तर मी दोन वर्षांत काय काय केलं ते सांगते, त्यात झाडांचं पण आहे आणि आपलं पण आहे, दोन्ही वेगळं काढता येत नाही मला.

आधी द्राक्षाची गोष्ट, कारण नाशिकात राहून ती कळली नाही तर काय उपयोग

शहरातल्या बऱ्याच लोकांना माहीत नसतं की आपल्याकडे द्राक्षाची छाटणी वर्षातनं दोनदा होते. माल निघाला की वेलीला थोडी विश्रांती देतात आणि एप्रिलच्या आसपास खरड छाटणी. त्यात काडी एक-दोन डोळ्यांवर कापतात (डोळा म्हणजे काडीवरचा कोंब, तेवढे एक-दोनच राखायचे), म्हणजे लांबनं बघणाऱ्याला वाटेल की आग लागून गेली, नुसते ओलांडे, वेलीचे जाड आडवे हात, उरतात. या छाटणीतनं एकही द्राक्ष मिळत नाही. मिळते ती फक्त काडी. मग ऑक्टोबरात गोडी छाटणी, ती पिकलेली काडी पुढनं कापायची आणि तिच्यावर घड येतो, साधारण चार महिन्यांनी माल.

आता गंमत बघा, घड ऑक्टोबरनंतर दिसतो पण तयार कधी होतो? खरड छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांनी, ऐन उन्हाळ्यात, त्या हिरव्या काडीच्या डोळ्याच्या आत. बाहेरनं काही म्हणजे काही दिसत नाही. त्या दिवसांत ऊन चांगलं मिळालं, पाणी बेताचं दिलं, काडीची गर्दी विरळ केली तर डोळ्यात घड धरतो. ढगाळ गेलं किंवा काड्यांची दाटी राहिली तर ऑक्टोबरात कितीही औषधं मारा, फूट वांझ निघते. माझे वडील म्हणायचे ऑक्टोबरात रडून उपयोग नाही, मे महिन्यात कुठं होतास ते सांग.

मी ३१ वर्षं नोकरी केली, रिटायर झाले तेव्हा मला वाटलेलं आता गोडी छाटणी झाली, आता फळं खायची. आणि पहिलं वर्ष नुसतं रिकामं रिकामं गेलं, चिडचिड झाली, कशातच मन लागेना. भावाच्या बोलण्यानं उलगडा झाला की अगं बाई ही तर खरड छाटणी होती! नोकरी, हुद्दा, सकाळची ८:४० ची बस, डब्यातली भाजी वाटून घेणाऱ्या बायका, सगळं एका दिवसात एक-दोन डोळ्यांवर कापलेलं. त्या वर्षी फळ दिसणारच नसतं. त्या वर्षी काडी तयार होऊ द्यायची असते.

म्हणून ज्यांचं नुकतंच रिटायरमेंट झालंय किंवा होणार आहे त्यांना माझा पहिला सल्ला, पहिले चार-सहा महिने कुठलाही क्लास लावू नका, भिशी, भजनी मंडळ, योगा, ट्रॅव्हल ग्रुप सगळं एकदम जॉइन करू नका. ती काड्यांची दाटी होते. ऊन आत पोचत नाही. माझं हे मत सगळ्यांना पटत नाही, माझ्या मैत्रिणीला तर अजिबात पटलं नाही, तिचे आठवड्याचे सात दिवस बुक आहेत आणि ती खूश आहे म्हणते. असेल बापडी.

कुंड्या कमी कशा करायच्या

८७ वरनं मी ३४ वर आले. एका दिवसात नाही, पावसाळा संपून दिवाळीपर्यंत चालू होतं. पद्धत सांगते. खडू घ्या आणि एक महिना रोज सकाळी ज्या कुंडीजवळ तुम्ही आपणहून थांबता, पान पुसता, वाळकं काढता, तिच्यावर एक रेघ मारा. पाणी घातलं म्हणून रेघ नाही हां, पाणी आपण सवयीनं घालतो. महिन्यानंतर बघा. माझ्या ८७ मधल्या ४० कुंड्यांवर एकही रेघ नव्हती! त्यात एक हौसेनं घेतलेलं पाम होतं, दोन क्रोटन, लोकांनी वाढदिवसाला दिलेली कसली कसली झाडं ज्यांची नावं पण मला माहीत नव्हती, आणि एक आंबा ज्याचं वेगळं सांगायचंय.

हा आंबा मी एका नर्सरीतनं हापूसचं कलम म्हणून घेतलेला, चांगले पैसे मोजून. सहा वर्षं कुंडीत सांभाळला, मोहोर नाही काही नाही. भावानं खोड बघितलं आणि हसायला लागला, जोडच नाही कुठं, सरळ कोयीचं रोप होतं. कलमाला तीन-चार वर्षांत फळ धरतं, कोयीच्या झाडाला जमिनीत असलं तरी सहा-आठ वर्षं लागतात आणि फळ आईसारखंच येईल याची खात्री नाही. राग आला खूप. पण घेतानाच खोड बोटानं चाचपून बघायला पाहिजे होतं, कलम असेल तर जमिनीपासून वीतभरात जोडाची गाठ किंवा तिरकी खूण लागतेच हाताला. तेवढं बघा घेताना, म्हणणाऱ्याच्या म्हणण्यावर जाऊ नका.

तो आंबा आता भावाच्या बांधावर आहे आणि पुढची मजा अशी की त्याला आम्ही गेल्या वर्षी चांगल्या हापूसची काडी बांधली. खोड जुनं, मुळं त्याचीच, फक्त वरचा शेंडा कापून नवी काडी. भाऊ सांगतो वीस-पंचवीस वर्षांच्या रायवळ झाडांवरपण असं करतात आणि ती नव्या रोपापेक्षा लवकर फळाला येतात कारण खाली मुळं तयार असतात. हे ऐकल्यावर मी साठीनंतर नवीन काय शिकायचं हा प्रश्न सोडून दिला. आता मोडी लिपी शिकतेय. अक्षरं नवीन पण ३१ वर्षं लोकांची घाणेरडी अक्षरं वाचायची सवय होती ती मुळासारखी कामाला येते.

उरलेल्या कुंड्या देताना एक करा, झाड कुणाला द्यायचं ते झाड बघून ठरवा, माणूस बघून नाही. म्हणजे ज्याच्या बाल्कनीत सकाळचं ऊन येतं त्यालाच गुलाब द्या, भले तो तुमचा लाडका भाचा नसेना का. मी एक अडेनियम, म्हणजे भरपूर ऊन आणि कमी पाणी लागणारं जाड बुंध्याचं झाड, प्रेमापोटी वन्संना दिलं, त्यांच्या घरी उत्तरेची गॅलरी, रोज तांब्याभर पाणी, दोन महिन्यांत बुंधा कुजून मऊ. त्या बिचाऱ्या अजून सॉरी म्हणतात. चूक माझी होती.

पडायचं नाही, हे पहिलं

आता कामाचं बोलू. शेवाळं ही नाशिकच्या पावसाळ्यातली नंबर एकची शत्रू आहे. जून लागायच्या आधी गच्ची कोरडी असताना तारेच्या ब्रशनं घासून घ्यायची आणि मग पावसाळ्यात उघडीप मिळाली की ब्लीचिंग पावडर टाकून धुवायची, फक्त कुंड्यांच्या मुळाशी ते पाणी जाऊ द्यायचं नाही आणि ब्लीचिंगमध्ये अॅसिड कधीही मिसळायचं नाही, त्याचा विषारी वायू होतो. आम्ही हे काम आता पैसे देऊन करून घेतो. हे म्हणायला मला वर्ष लागलं. "मी करीन ना" हे वाक्य माझ्या तोंडातनं जाता जात नव्हतं.

झारी अर्धीच भरायची. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, दहा लिटरची बादली म्हणजे दहा किलो आणि आपण ती एका हातात धरून वाकडे चालतो. पाच लिटरची झारी अर्धी भरून दोन फेऱ्या जास्त मारा, तोच व्यायाम. किंवा सरळ पाइप टाका.

कुंड्या वर उचला. मी सिमेंटच्या ठोकळ्यांवर कडप्पे टाकून कमरेइतके ओटे केले, भिंतीला लागून, गच्चीच्या मध्ये नाही, कारण ओल्या मातीचं वजन फार होतं आणि तो भार भिंतीवर-बीमवर जाऊ दे. जुनी बिल्डिंग असेल तर आधी कुणा इंजिनिअरला विचारा. मोठ्या सिमेंटच्या कुंड्या सगळ्या काढल्या, त्याऐवजी ग्रो बॅग, म्हणजे झाडं लावायच्या हलक्या पिशव्या, आणल्या. ज्या खालीच ठेवायच्या त्यांच्यासाठी देवापुढचा जुना चौरंग वर नेलाय, त्यावर बसून खुरपते. चौरंगाचा फायदा असा की उठताना हात टेकायला कडा मिळते, स्टूल असेल तर ते उलटतं. खाली वाकून झटकन उभं राहायचं नाही, बीपीची गोळी चालू असेल तर गरगरू शकतं, आधी मान वर, मग कंबर, मग पाय.

मोबाइल खिशात. गाऊनला खिसा शिवून घेतला त्यासाठी. मातीत काम करतो, काटे लागतात, तर धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवा, दहा वर्षं झाली असतील तर डॉक्टरांना विचारून घ्या. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत काम संपवायचं, मेमध्ये आपल्याकडेही पारा चाळीसला टेकतो, पूर्वीचं थंड नाशिक आता फक्त जानेवारीत भेटतं.

आणि डोळे. मला आता मावा (शेंड्यावरची बारीक कीड) दिसत नाही, तो हिरवा आणि शेंडाही हिरवा. नातवानं शिकवलेली युक्ती, मोबाइलनं पानाच्या मागच्या बाजूचा फोटो काढायचा आणि दोन बोटांनी मोठा करायचा. पहिल्यांदा केलं तेव्हा जास्वंदीच्या कळीवर अक्षरशः जत्रा दिसली. आता दर रविवारी पाच-सहा झाडांच्या पानांच्या पाठीचे फोटो काढते. निमतेल एका लिटरला ५ मिली, त्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब (नाहीतर तेल पाण्यात मिसळतच नाही), संध्याकाळी फवारायचं, आठवड्यानं परत. पिठ्या ढेकूण असेल तर आधी पाण्याच्या जोरदार धारेनं धुवून काढायचा, त्याचं मेणचट पांघरूण असल्यानं नुसतं फवारून भागत नाही. सांगायचं काय तर नजर गेली म्हणून बघणं सोडायचं नाही, बघायची रीत बदलायची. हे मी कानाच्या मशीनबद्दल अहोंना दोन वर्षं सांगतेय.

पाणी, म्हणजे माया

झाडं तहानेनं कमी मरतात, जास्त पाण्यानं जास्त मरतात, निदान कुंडीतली तरी. बोट दोन पेरं मातीत खुपसायचं, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. एवढं सोपं आहे पण आपल्याला राहवत नाही. जास्त पाणी झालेलं झाड आणि तहानलेलं झाड दोन्ही सारखीच मान टाकतात, ही खरी अडचण, आणि मान टाकलेली बघून आपण आणखी पाणी ओततो. मुळांना हवा लागते, मातीतली सगळी पोकळी पाण्यानं भरली की ती गुदमरतात.

मी पडल्यानंतर लेक दिवसातनं चार वेळा फोन करायची. जेवलीस का, गोळी घेतलीस का, वर गेली नव्हतीस ना. एकदा मी तिला म्हटलं, "बाळा, बोट घालून बघत जा ना आधी, ओल आहे का ते." तिला कळलं नाही, मग समजावलं, मग दोघी हसलो. आता एकदाच करते, पण चांगला अर्धा तास बोलतो.

उलट बाजू पण आहे. बोगनवेलीला थोडा ताण दिल्याशिवाय ती फुलत नाही, भरपूर पाणी-खत दिलं तर नुसती पानं आणि काटे. मोगऱ्याचंही तेच. डिसेंबरपासून पाणी तोडत आणायचं, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला छाटून उरलीसुरली पानं काढून टाकायची, माती हलवून शेणखत द्यायचं आणि मग पाणी सुरू, की मार्चपासून कळ्या. तर घरच्यांनी आपल्याला अगदीच फुलासारखं ठेवू नये यासाठी मी हा मोगऱ्याचा दाखला सगळीकडे देते. जिना चढू द्या, बँकेत जाऊ द्या, रविवार कारंज्याच्या बाजारात जाऊन घासाघीस करू द्या.

ज्यांना मुळासकट हलवलंय त्यांच्यासाठी

वन्सं गावचं घर सोडून मुलाकडे फ्लॅटमध्ये आल्या, वय ७१. मुलगा-सून चांगली आहेत, खोली वेगळी, एसी, टीव्ही, सगळं. आणि वन्सं दिवसेंदिवस गप्प. सगळे म्हणायचे त्यांना बाहेर काढा, माणसांत मिसळवा, ज्येष्ठ नागरिक संघात नाव घाला.

जमिनीतलं झाड दुसरीकडे लावताना काय करतात ते आठवा. उन्हात नाही हलवत, संध्याकाळी हलवतात. आदल्या दिवशी भरपूर पाणी. मुळाभोवतीची माती जमेल तेवढी सोबत घेतात. वरची निम्मी पानं कापतात, कारण काढताना बारीक मुळं तुटलेली असतात आणि उरलेल्या मुळांना एवढ्या पानांना पाणी पुरवणं जमत नाही. आठ-दहा दिवस सावलीत. आणि निदान तीन आठवडे खत अजिबात नाही, कोवळी मुळं त्यानं जळतात. पानं गळतात, काळजी करायची नसते, खोडावर नखानं हलकं खरवडून बघायचं, आत हिरवं असलं की झाड जिवंत आहे.

आपण माणसाला उलटं करतो. आल्याबरोबर खत. मी त्यांच्या सुनेला एवढंच सांगितलं की त्यांची गावची माती आणा. म्हणजे खरंच, त्यांची पितळी कळशी, पाटा-वरवंटा, ती फाटकी गोधडी जी इथं शोभत नाही म्हणून गावीच ठेवली होती. आणि तीन महिने कुठं न्यायचं नाही. पाटा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी वन्संनी शेंगदाण्याची चटणी वाटली, खालच्या मजल्यापर्यंत आवाज गेला, आणि खालची बाई विचारायला वर आली की कसला आवाज, ती तासभर बसली. संघात त्या अजूनही जात नाहीत, पण ती खालची बाई रोज येते.

कुंडीतल्या जुन्या झाडाचं थोडं वेगळं. माझी एक जास्वंद आठ वर्षं एकाच १२ इंची कुंडीत होती, फुलं लहान व्हायला लागली, पाणी घातलं की लगेच खालनं निघून जायचं. उपटून बघितलं तर माती नाहीच, सगळी मुळंच, गोल गोल गुंडाळलेली. सगळे म्हणतात मोठ्या कुंडीत लावा. नाही, आता मोठी कुंडी मला उचलत नाही. तर बाहेरच्या मुळांचा एक तृतीयांश भाग धारदार सुरीनं कापला, वरच्या फांद्याही तेवढ्याच कापल्या, नवी माती (दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट, मूठभर निंबोळी पेंड) आणि तीच कुंडी. जून-जुलैत करा हे, उन्हाळ्यात नको. दीड महिन्यानं तळहाताएवढं फूल. कुंडी तीच ठेवूनही माती बदलता येते, एवढंच माझं म्हणणं, लगेच फॉरेन टूर काढायची गरज नसते.

खत करायचं असेल तर थोडक्यात: भोकं पाडलेली बादली, एक भाग ओला कचरा, दोन भाग वाळका पाला, चमचाभर आंबट ताक, आठवड्यातनं दोनदा हलवायचं, अडीच-तीन महिन्यांत होतं. वास आला तर ओल जास्त झालीय, वाळका पाला वाढवा. यातनं मी काही शिकवणबिकवण काढत नाही, खत हे खत आहे.

गुलाबाची छाटणी, कारण शेवटी नाशिक

मोगल काळात आपल्या गावाचं नाव गुलशनाबाद होतं, त्यामुळे नाशिककराकडे निदान एक गुलाब पाहिजेच. माझ्याकडे सात उरलेत. पाऊस संपला की ऑक्टोबरात छाटायचे. मेलेली, आतल्या बाजूला वाढणारी, एकमेकींना घासणारी काडी आधी काढायची. मग उरलेल्या काड्या साधारण निम्म्यावर. काप तिरका, डोळ्याच्या पाव इंच वर आणि डोळा बाहेरच्या बाजूला बघणारा पाहिजे. उतार डोळ्याच्या उलट दिशेला, म्हणजे पाणी डोळ्यावर साचत नाही. कापल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याची, बुरशी लागू नये म्हणून), घरात नसेल तर मी हळद पाण्यात कालवून लावते. दीड-दोन महिन्यांत फुलं.

कात्री धारदार हवी. बोथट कात्रीनं काडी चिरडते आणि तिथनं मर लागते. मी दिवाळीच्या आधी मेन रोडच्या मागे बसणाऱ्या धार लावणाऱ्याकडे नेते आणि तो दरवेळी विचारतो, "मावशी, शिवणाची का झाडाची?" दोन्हीच्या धारेचा कोन वेगळा असतो म्हणे.

आणि एक. कलमाच्या जोडाच्या खालनं जो फुटवा येतो तो जंगली गुलाबाचा असतो. तो दिसायला इतका तरतरीत, इतका झपाट्यानं वाढणारा असतो की नव्या माणसाला आनंद होतो, वा काय फूट आलीय. एका वर्षात तोच सगळं अन्न खातो आणि वरचं चांगलं कलम वाळून जातं. नुसता वरनं कापला तर परत दुप्पट येतो, माती उकरून जिथनं निघालाय तिथनं ओढून काढावा लागतो. माझ्यात असा एक फुटवा आहे, दुसऱ्यांच्या घरात काय चाललंय त्याची चौकशी. रिटायर झाल्यावर फार जोरात फुटला. व्हॉट्सअॅपवर कोण कुठं गेलं, कुणाच्या सुनेनं काय घातलं, सकाळचे दोन तास त्यात जायचे आणि बाग दहा मिनिटांत उरकायची. मी चार ग्रुप सोडले. एक परत जॉइन केला, खोटं कशाला बोलू.

हातात कात्री घेतल्यावर पहिली काडी कापायला अजूनही जिवावर येतं, विशेषतः तिच्यावर कळी असेल तर. भावाला विचारलं होतं की तुम्हाला खरड छाटणीला वाईट वाटत नाही का. तो म्हणाला वाटायला वेळ कुठं असतो, माणसं लावलेली असतात, संध्याकाळपर्यंत एकर उरकायचा असतो. परवाच फोन आलेला त्याचा, निफाड-दिंडोरीकडे पारा खूप खाली आलाय, मणी तडकायची भीती, रात्री बागेत शेकोट्या पेटवून जागतायत. मी म्हटलं स्वेटर घाल. म्हणाला घातलाय.

माझ्या मोगऱ्याचं पाणी तोडून आता महिना होत आला. उद्या सकाळी कोवळं ऊन आलं की छाटायला घेणार आहे, चार कुंड्या आहेत, एका दिवसात दोनच. चौरंग खाली आणला होता संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, तो अहो वर नेऊन ठेवतो म्हणालेत. बघू, नेतात का.